सरकार पडलं की जर्मन नाटक का बदलतं?

ऑक्टोबर १९८९, पूर्व जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर. नाटक संपतं, टाळ्या पडतात, नट वाकून नमस्कार करतात आणि मग विंगेत जायचं सोडून तिथंच उभे राहतात. एक कागद निघतो आणि वाचायला सुरुवात होते. पहिलंच वाक्य असं, की आम्ही आमच्या भूमिकांमधून बाहेर येतोय, देशातली परिस्थिती आम्हाला तसं करायला भाग पाडतेय. पुढे येतं की जो देश आपल्या तरुणांना धरून ठेवू शकत नाही तो स्वतःचं भविष्य धोक्यात घालतो.

हे कधी, तर ६ ऑक्टोबरला, म्हणजे पूर्व जर्मनीच्या ४० व्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी. दोनच दिवस आधी याच ड्रेस्डेनच्या स्टेशनवर राडा झालेला, कारण पळून प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या लोकांना पश्चिमेकडे नेणाऱ्या ट्रेन तिथून जाणार होत्या आणि शहरातल्या लोकांना त्यात चढायचं होतं. पोलीस, लाठ्या, अटका सगळं चालू. आणि अशात सरकारी पगारावरचे नट सरकारी थिएटरच्या स्टेजवर उभे राहून सरकारला सुनावतायत, आणि दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण माझ्या एका मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. हा मित्र कॉलेजात एकांकिकांना लाइट्स करायचा, आता आयटीत आहे. त्याचा प्रश्न साधा होता, की जर्मन नाटक म्हणजे ते लोक स्टेजवर ओरडतात, अंगाला रंग फासतात, मागे व्हिडिओ चालू असतो आणि गोष्ट कुणालाच कळत नाही, तेच ना, मग हे लोक असं का करतात? मी म्हटलं अरे त्यांच्याकडे शंभर वर्षांत इतक्या वेळा राज्य बदललंय की दर वेळी नाटकाला स्वतःची पद्धत बदलावी लागली. तो म्हणाला समजावून सांग. मग हा लेख.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण त्याशिवाय पुढचं काहीच लागणार नाही. जर्मनीत आज १४० च्या आसपास थिएटरं सार्वजनिक पैशावर चालतात. इमारत, कायमस्वरूपी पगारी नटसंच, शिंपी, सुतार, मेकअपवाले आणि ड्रामाटुर्ग नावाचा एक प्राणी, ज्याचं काम म्हणजे हे नाटक आत्ताच का करायचं यावर डोकं खाजवणं. रोज रात्री वेगळं नाटक. तिकिटांतून खर्चाचा पाचवा हिस्साही सुटत नाही, बाकीचं राज्य आणि नगरपालिका देतात. हे असं का, तर १८७१ पर्यंत जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, छोटी छोटी संस्थानं होती आणि प्रत्येक राजाला शेजारच्या राजापेक्षा भारी थिएटर पाहिजे होतं. राजे गेले, थिएटरं राहिली, ती शहरांनी आणि राज्यांनी दत्तक घेतली.

म्हणजे बघा, सरकार पडतं, चलन बुडतं, अख्खा देश गायब होतो, पण संध्याकाळी साडेसातला पडदा उघडायचाच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की जर्मन नाटकातल्या नव्या चळवळी या फक्त अस्थिरतेतून येत नाहीत. पायाखालची जमीन हलत असते आणि घर मात्र उभं असतं, त्या मधल्या फटीतून त्या येतात. आणि दर वेळी जमीन वेगळ्या ठिकाणी हलते, म्हणून चळवळ पण वेगळी निघते.

१९१८ पासून सुरू करू. पहिलं महायुद्ध हरले, ९ नोव्हेंबरला कैसर, म्हणजे सम्राट, गेला, प्रजासत्ताक आलं. पुढच्या वर्षी वायमारमध्ये जी राज्यघटना बनली तिनं नाटकांची सेन्सॉरशिप काढून टाकली. (आपल्या महाराष्ट्रात अजून नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हे जरा आठवून घ्या.) तर त्या काळातलं पहिलं मोठं नाव अर्न्स्ट टोलर. हा सैन्यात स्वतःहून भरती झालेला पोरगा, खंदकात जाऊन युद्धविरोधी होऊन परत आला, १९१९ च्या एप्रिलमध्ये म्युनिकला जे काही दिवसांचं क्रांतिकारी सरकार आलं त्याच्या प्रमुखांपैकी एक होता, मग ते सरकार चिरडलं आणि याला पाच वर्षांची शिक्षा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बर्लिनमध्ये त्याच्या ‘डी वांडलुंग’ नाटकाचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा लेखकसाहेब तुरुंगात. नाव मोठं झालं पण प्रयोग बघता आला नाही.

हा एक्सप्रेशनिझमचा काळ. सोपं करून सांगायचं तर घरातला सोफा, खिडकी, चहाचा कप हे सगळं काढून टाकायचं आणि माणसाच्या डोक्यात जे चाललंय तेच स्टेजवर उभं करायचं. पात्रांना धड नावं पण नसायची, ‘मुलगा’, ‘बाप’, ‘कॅशिअर’ एवढंच. लांब लांब सावल्या, तुटक वाक्यं, किंचाळणं. कारण ज्या वास्तववादी दिवाणखान्यात आधीची नाटकं घडायची तो दिवाणखानाच युद्धात उडाला होता, सोफा ठेवणार कुठं?

याच वर्षी डिसेंबरमध्ये लेओपोल्ड येसनर नावाच्या दिग्दर्शकानं बर्लिनच्या सरकारी थिएटरमध्ये, म्हणजे जे काल-परवापर्यंत राजाचं थिएटर होतं तिथं, जर्मनांचा जुना नामवंत नाटककार शिलर याचं स्वित्झर्लंडमध्ये घडणारं ‘विल्हेल्म टेल’ बसवलं. प्रेक्षक काय बघायला आलेले, तर रंगवलेला आल्प्स, गाई, हिरवळ. स्टेजवर काय, तर नुसत्या पायऱ्या. प्रेक्षागृहात आरडाओरडा, शिट्ट्या, गोंधळ. पण त्या पायऱ्यांनी काय केलं बघा, कोण वर उभं आहे आणि कोण खाली, सत्ता कुणाकडे आहे, हे एका नजरेत दिसायला लागलं, आणि राजा नुकताच घालवलेल्या देशाला नेमकं तेच बघायचं होतं. नंतर या पायऱ्यांना त्याच्याच नावानं ओळखायला लागले.

आता किंचाळायला पण मर्यादा असते. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क असा भाव झाला. अशा वेळी ‘हे मानवा!’ वगैरे स्वगतं लोकांना पोकळ वाटायला लागतात आणि प्रश्न बदलतो, मला काय वाटतंय याच्याऐवजी हे नक्की कोण करतंय आणि कसं, याकडे येतो. इथं एर्विन पिस्काटर येतो. हा माणूस मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, ब्रेश्टपेक्षाही, म्हणून याच्यावर जरा जास्त बोलतो.

पिस्काटर पण खंदकातून आलेला. त्यानं स्वतःच सांगितलेला किस्सा आहे, की आघाडीवर बॉम्ब पडत असताना याला नीट खंदक खणता येईना, वरिष्ठानं वैतागून विचारलं तू करतोस तरी काय, तर हा म्हणाला मी नट आहे, आणि ते बोलताना त्याला गोळ्यांच्या भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. ती लाज त्यानं आयुष्यभर कामाला लावली. १९२४ च्या निवडणुकीत त्यानं कम्युनिस्ट पक्षासाठी गाणी, स्किट, कसरती असं सगळं एकत्र करून प्रचाराचा रेव्ह्यू केला, साधारण आपल्या कलापथकांसारखा. १९२५ मध्ये एका भल्या मोठ्या थिएटरात महायुद्धाच्या खऱ्या फिल्म नाटकाच्या मधोमध पडद्यावर दाखवल्या. आज प्रत्येक दुसऱ्या नाटकात प्रोजेक्टर असतो त्यामुळे आपल्याला काही वाटत नाही, पण तेव्हा नट युद्धावर बोलतोय आणि मागे खरी युद्धातली माणसं दिसतायत हे कुणी बघितलंच नव्हतं.

मग फोल्क्सब्यूनं, म्हणजे ‘लोकांचं थिएटर’. कामगारांनी पै-पै गोळा करून बांधलेली ही बर्लिनची इमारत १९१४ च्या शेवटी उघडली. पिस्काटर तिथं दिग्दर्शक होता, पण १९२७ मध्ये मध्ययुगीन चाच्यांवरच्या एका नाटकात त्यानं फिल्ममधून लेनिन आणून ठेवला, संस्थेच्या कमिटीनं ती फिल्म कापली, भांडण झालं आणि हा बाहेर पडला. बाहेर पडून स्वतःचं थिएटर काढलं, आणि पहिलं नाटक कुणाचं तर टोलरचं, तोपर्यंत तो तुरुंगातून सुटून आला होता. नाव ‘होप्ला, आम्ही जगतोय’. कथा अशी की एक क्रांतिकारक आठ वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढून १९२७ मध्ये बाहेर येतो आणि बघतो तर त्याचा जुना कॉम्रेड मंत्री होऊन खुर्चीत बसलाय. (हे वाचताना तुमच्या डोळ्यासमोर कुणी आलं असेल तर तो तुमचा प्रश्न.) स्टेजवर बहुमजली लोखंडी सांगाडा, प्रत्येक खणात वेगळा सीन आणि मध्ये पडद्यावर ती हुकलेली आठ वर्षं.

पुढच्या जानेवारीत ‘श्वाइक’. यात स्टेजवर दोन सरकते पट्टे होते, आताच्या जिममधल्या ट्रेडमिलसारखे. श्वाइक नावाचा भोळा-बेरकी सैनिक आघाडीकडे चालतोय, चालतोच आहे, पाय हलतायत आणि तो आहे तिथंच, आणि मागून गेओर्ग ग्रोस या चित्रकाराची चित्रं सरकत येतायत. अख्ख्या युद्धाचा मूर्खपणा एका यंत्रात बसला. त्या चित्रांपैकी एकात क्रूसावरच्या येशूला गॅस मास्क घातलेला, त्यावरून ग्रोसवर धर्मनिंदेचा खटला झाला. आणि गंमत म्हणजे कामगारांसाठीचं हे थिएटर चालवायला इतका खर्च येत होता की महागडी तिकिटं श्रीमंत लोकच घ्यायचे, फर कोट घालून येऊन क्रांतीला टाळ्या वाजवायचे, आणि १९२८ मध्येच पिस्काटरचं दिवाळं निघालं. घर उभं पाहिजे म्हणतो ते यासाठी.

ब्रेश्टबद्दल मराठी वाचकाला फार सांगायची गरज नाही, पु. लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’ ज्याच्यावरून आला तो हाच. पण एक समजून घ्या. १९२२ मध्ये म्युनिकला त्याच्या ‘ट्रोमेल्न इन डेअर नाख्त’ नाटकाच्या प्रयोगात प्रेक्षागृहात पाट्या लावल्या होत्या, ‘असं रोमँटिक होऊन टक लावून बघू नका’ अशा अर्थाच्या. नाटकातला नायक युद्धावरून परत येतो, बाहेर १९१९ चा उठाव पेटलाय, सगळ्यांना वाटतं हा आता क्रांतीत उडी घेणार, तर तो म्हणतो मी चाललो माझ्या प्रेयसीबरोबर घरी झोपायला. ब्रेश्टचं म्हणणं होतं की भावनेत वाहून गेलेला प्रेक्षक कुणाच्याही मागे जातो. म्हणून गोष्ट मध्येच तोडायची, गाणं टाकायचं, नटानं भूमिका जगायच्याऐवजी दाखवायची. आपल्याला हे कळायला अवघड जायला नको, तमाशातला सोंगाड्या राजाची बतावणी करता करता समोरच्या पाटलाची फिरकी घेतोच की. पण बर्लिनच्या मध्यमवर्गाला ते धक्कादायक होतं. आणि ज्या देशात पुढच्या काही वर्षांत लाखो लोक एका माणसाच्या भाषणात वाहून जाणार होते तिथं ‘वाहून जाऊ नका’ ही काही नुसती स्टाइलची गोष्ट नव्हती.

२७ फेब्रुवारी १९३३ ला राइशटाग, म्हणजे संसदेची इमारत, जळली, २८ ला ब्रेश्ट देश सोडून निघाला. येसनर गेला, दिग्दर्शक राइनहार्ट गेला, टोलरचं नागरिकत्व काढून घेतलं.

आता इथं ‘अस्थिरता आली की कला फुलते’ हे जे वाक्य लोक सर्रास फेकतात त्याची परीक्षा होते. नाझींनी थिएटरं बंद केली नाहीत, उलट पैसा ओतला. इमारती होत्या, पगार होते. मग चळवळ कुठली निघाली? ‘थिंगश्पील’ नावाचा एक प्रकार काढला, डोंगरात दगडी पायऱ्यांची उघडी रंगमंदिरं बांधायची आणि हजारो लोकांचे समूह तिथं राष्ट्राची गाथा सादर करणार. शेकडो बांधायचा प्लॅन होता, बांधून झाली मोजकीच, लोक कंटाळले, पाऊस पडायचा, आणि दोन-तीन वर्षांत सरकारनंच त्यातून अंग काढून घेतलं. हायडेलबर्गजवळच्या टेकडीवर एक अजून आहे, नुसत्या रिकाम्या पायऱ्या. १९३६ मध्ये गोबेल्सनं कलासमीक्षेवरच बंदी घातली, फक्त वर्णन करायचं, मत द्यायचं नाही. म्हणजे घर होतं, पैसा होता, फक्त दार आतून बंद होतं.

त्याच काळात कामावरून काढून टाकलेल्या ज्यू कलावंतांनी बर्लिनमध्ये स्वतःची संस्था काढली, नाझींच्या परवानगीनं आणि नजरेखाली, फक्त ज्यू प्रेक्षकांसाठी. १ ऑक्टोबर १९३३ ला त्यांनी पहिलं नाटक केलं ते लेसिंगचं ‘नाथान’, धर्मांच्या सहिष्णुतेवरचं जर्मन भाषेतलं सगळ्यात गाजलेलं नाटक. १९४१ पर्यंत ती संस्था चालली आणि मग बंद केली गेली. याच्यावर मला काही हुशारीचं बोलता येत नाही.

युद्धानंतरची वर्षं पटकन ओलांडतो. एक देश दोन झाले, ब्रेश्ट पूर्व बर्लिनला आला, १९४९ मध्ये बर्लिनर आन्सांबल स्थापन झालं. पश्चिमेकडे लोकांनी क्लासिक्स लावली, छान कपडे घालून थिएटरला जायला लागले, जे झालं ते झालं म्हणून कुणी विषय काढेना. वरवर एकदम स्थिर.

आणि इथंच मला वाटतं अस्थिरतेची व्याख्या जरा ताणायला लागते. १९६० च्या दशकात पश्चिम जर्मनीत सरकारं काही कोसळत नव्हती. कोसळत होता तो आई-बापावरचा विश्वास. १९६३ ते १९६५ फ्रँकफर्टला आउशवित्झ छळछावणीतल्या कर्मचाऱ्यांवर खटला चालला आणि तरुण पोरांना पहिल्यांदा कळलं की हे खुनी म्हणजे शेजारचा अकाउंटंट आणि समोरचा औषधवाला. अशा वेळी कल्पित गोष्ट लिहायची म्हणजे काय लिहायचं? मग डॉक्युमेंटरी नाटक आलं, म्हणजे कागदपत्रं, साक्षी, कोर्टाची नोंद हीच संहिता. १९६३ मध्ये होखहूथचं ‘डेअर श्टेलफरट्रेटर’ आलं, ज्यूंच्या कत्तलीवर पोप गप्प का राहिला असं विचारणारं, आणि ते बसवलं कुणी तर परदेशातून परत आलेल्या म्हाताऱ्या पिस्काटरनं.

पेटर वाइस स्वतः त्या खटल्याला जाऊन बसायचा. त्यातून त्यानं ‘डी एरमिटलुंग’ लिहिलं, म्हणजे तपास. ११ भाग. यात आरोपींना त्यांची खरी नावं आहेत आणि साक्षीदारांना नावं नाहीत, नुसते आकडे, साक्षीदार १, साक्षीदार २, कारण छावणीत त्यांची नावं काढूनच घेतली होती. अख्ख्या नाटकात ‘आउशवित्झ’ हा शब्द एकदाही येत नाही. नट अभिनय असा करत नाहीत, फक्त बोलतात, कोण कुठं उभं होतं, दार किती रुंद होतं, आवाज किती वेळ येत होता. १९ ऑक्टोबर १९६५ ला, बर्लिनची भिंत बांधून चार वर्षं झालेली असताना, पूर्व आणि पश्चिम दोन्ही जर्मनीत पंधराएक ठिकाणी एकाच संध्याकाळी हे सादर झालं. कधीकधी मला वाटतं की त्या एका रात्रीपुरती ती एकच रंगभूमी होती.

मग १९६८. पेटर श्टाइन नावाच्या तरुण दिग्दर्शकानं म्युनिकला व्हिएतनामवरचं नाटक केलं आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांकडून अमेरिकेशी लढणाऱ्या व्हिएतकाँगसाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली, थिएटरच्या प्रमुखानं ते थांबवलं. १९७० मध्ये हाच श्टाइन पश्चिम बर्लिनच्या शाउब्यूनं थिएटरला आला आणि तिथं प्रयोग वेगळाच झाला, कारण यावेळी बदल झाला तो नाटकाच्या पडद्यामागे. कुठलं नाटक करायचं, भूमिका कुणाला, पैसे कसे वाटायचे, याच्यावर नटांपासून तंत्रज्ञांपर्यंत सगळे बसून बोलणार आणि ठरवणार. मीटिंगा संपायच्याच नाहीत म्हणे. ज्यानं कुणी आपल्याकडे हौशी संस्थेची कार्यकारिणी अनुभवली असेल त्याला कल्पना येईल.

याच हवेत लहान मुलांचं ग्रिप्स थिएटर उभं राहिलं. परी-राक्षस बंद, मुलांचे खरे प्रश्न स्टेजवर, बाबा ओरडतात, घरमालक खेळू देत नाही, मोठ्यांची भूमिका करणारेही मोठे आणि मुलांची करणारेही मोठेच. हे १९८६ मध्ये मोहन आगाशेंनी पुण्यात आणलं आणि अजून चालू आहे, त्यामुळे बर्लिनच्या विद्यार्थी आंदोलनाचं एक टोक कोथरूड-डेक्कनमधल्या पोरांच्या सुट्टीपर्यंत येऊन पोचलंय हे म्हणायला हरकत नाही.

पूर्वेकडे काय चाललं होतं? तिथं जमीन हलू द्यायचीच नाही असा सरकारचा बंदोबस्त होता. भिंत उभी राहून सहा-सात आठवडे झाले असताना, सप्टेंबर १९६१ मध्ये, हायनर म्युलरचं शेतीच्या सामूहिकीकरणावरचं नाटक विद्यार्थ्यांनी केलं. एक प्रयोग झाला. लगेच बंदी, म्युलरला लेखक संघातून हाकललं आणि दिग्दर्शक ट्रागेलेनला कोळशाच्या खाणीत कामाला पाठवलं. अशा ठिकाणी नाटकवाले आडून बोलायला शिकतात आणि प्रेक्षक आडून ऐकायला. १९८९ च्या वसंतात ड्रेस्डेनलाच एक नाटक आलं, राजा आर्थर आणि त्याचे म्हातारे झालेले सरदार त्या गोल टेबलाभोवती बसलेत, टेबल मोडकळीला आलंय, बाहेर कुणालाही यांच्याशी घेणं राहिलेलं नाही आणि हे अजून त्याच गप्पा मारतायत. सेन्सॉर काय आक्षेप घेणार, नाटक तर ब्रिटिश दंतकथेवर आहे! प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला टेबलाभोवती कोण बसलंय हे माहीत होतं.

आता सुरुवातीच्या प्रसंगाचं वजन कळेल. वर्षानुवर्षं रूपकात बोलणारे नट जेव्हा रूपक सोडून देतात आणि सरळ कागद वाचतात तेव्हा काहीतरी तुटलेलं असतं. १५ ऑक्टोबरला पूर्व बर्लिनच्या डॉइचेस थिएटरमध्ये नाट्यकर्मी जमले, रीतसर पोलीस परवानगीचा अर्ज करायचं ठरलं, आणि ४ नोव्हेंबरला आलेक्झांडरप्लाट्झवर लाखो लोक आले, काही अंदाज पाच लाखांचे, काही त्याच्या दुप्पट. शेवटी बोलायला उभी राहिली ८१ वर्षांची नटी श्टेफी श्पीरा. ती म्हणाली माझ्या पणतवंडांना शाळेत झेंड्यापुढची कवायत नको, आणि त्या वांडलिट्झचं, म्हणजे नेत्यांच्या बंदिस्त वसाहतीचं, वृद्धाश्रम करून टाका, साठी-पासष्टी उलटलेल्यांना तिथंच राहू दे, फक्त मी आत्ता जे करतेय ते त्यांनी करावं. आणि ती एक्झिट घेते. जर्मनमध्ये स्टेजवरून जाणं आणि पद सोडणं याला एकच शब्द आहे. पाच दिवसांनी भिंत पडली.

पण खरा प्रश्न नाटकवाल्यांना पुढे पडला. डॉइचेस थिएटरमध्ये म्युलर ‘हॅम्लेट’ बसवत होता, तालमी सुरू झाल्या तेव्हा देश होता. तालमी चालू असताना नट मोर्च्यांना जायचे, परत येऊन संवाद म्हणायचे, सडलेलं राज्य वगैरे, आणि बाहेर ते राज्य दिवसागणिक नाहीसं होत होतं. हॅम्लेट होता उलरिश म्यूअं, ज्यानं स्वतः आलेक्झांडरप्लाट्झवर भाषण केलं होतं. प्रयोग २४ मार्च १९९० ला लागला, पूर्व जर्मनीच्या संसदेच्या पहिल्या आणि शेवटच्या मोकळ्या निवडणुकीनंतर सहा दिवसांनी, लोकांनी मतं दिली होती ती लवकरात लवकर पश्चिमेत विलीन व्हायला. साडेसात-आठ तासांचं नाटक, नेपथ्यात बर्फ, तो वितळत जातो आणि शेवटी वाळवंट. ज्या व्यवस्थेवर टीका म्हणून हे सुरू केलं ती टीका ऐकायला व्यवस्थाच शिल्लक नव्हती. तालीम चालू असताना नाटकाचा विषयच मेला, असं मी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही.

त्यानंतर १९९२ मध्ये दिग्दर्शक फ्रांक कास्टॉर्फ फोल्क्सब्यूनंचा प्रमुख झाला. छपरावर मोठ्ठी अक्षरं, ‘ओस्ट’, म्हणजे पूर्व. खाली शहर झपाट्यानं पश्चिम होत चाललेलं, कारखाने बंद, माणसं बेकार, आणि हे थिएटर मान वर करून म्हणतंय आम्ही पूर्वेचेच. माझ्या मित्राला जे नाटक ‘ओरडणारं आणि न कळणारं’ वाटतं ते बहुतेक इथलं: क्लासिक नाटक घ्यायचं, फोडायचं, पाच-सहा तास चालवायचं, बटाट्याचं सॅलड फेकायचं, कॅमेरा घेऊन नटांच्या मागे नेपथ्याच्या आतल्या खोल्यांत घुसायचं. ज्यांच्या आयुष्याची गोष्ट एका रात्रीत निकालात निघाली त्यांना सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट सांगणाऱ्यावर विश्वास बसत नव्हता, एवढं लक्षात ठेवून बघितलं तर बरंच उलगडतं. सगळंच आवडेल असं नाही, मलाही तासन्‌तास चालणारं ते ओरडणं झेपत नाही. पण १९९३ मध्ये याच थिएटरात क्रिस्टोफ मार्थालरनं केलेलं ‘मुर्क्स’ बघा: मोठ्या वेटिंग हॉलसारखा हॉल, माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसलेली, काहीही घडत नाही, मधूनच सगळे ओळीनं हात धुवायला जातात, परत येतात, आणि अचानक हळू आवाजात इतकं सुंदर कोरस गातात की बास. भिंतीवर लिहिलंय ‘म्हणजे काळ थांबून राहू नये’ आणि त्यातली अक्षरं एकेक करून खाली पडतायत. विलीनीकरणाच्या लाटेत काय करावं हे न कळलेल्या माणसांवर याहून चांगलं मी काही ऐकलेलं नाही.

दोन हजारनंतर प्रश्न परत बदलला, की स्टेजवर उभं कोण राहणार? ‘आम्ही जर्मन’ म्हणजे कोण, हेच हलायला लागलं. रिमिनी प्रोटोकोल या मंडळींनी नटच काढून टाकले, खऱ्या माणसांना स्वतःबद्दल बोलायला उभं केलं. २००५ मध्ये त्यांनी बर्लिनच्या प्रेक्षकाच्या हातात मोबाइल दिला, फोनवर कोलकात्याच्या कॉल सेंटरमधला कर्मचारी, आणि तो तिथं बसून याला बर्लिनच्या रस्त्यांवरून फिरवणार. तेच नाटक. मग तुर्की कुटुंबातली शेर्मिन लांगहोफ, २००८ पासून बर्लिनमधल्या क्रॉइट्सबर्गच्या एका छोट्या थिएटरात आणि २०१३ पासून गोर्की थिएटरमध्ये, हिनं स्थलांतरितांच्या मुलांना स्थलांतरिताची नव्हे तर कुठलीही भूमिका द्यायला सुरुवात केली. २०१० चं ‘फेरयुक्टेस ब्लूट’ बघा: शाळेत बाई स्थलांतरित घरांतल्या टवाळ पोरांना शिलर शिकवतायत, कुणी ऐकत नाही, एका पोराच्या बॅगेतून पिस्तूल पडतं, बाई ते उचलतात आणि पोरांच्या डोक्यावर रोखून शिलरचे संवाद म्हणायला लावतात. हसता हसता घशाशी येतं. त्याच वर्षी मुसलमान स्थलांतरित जर्मनीची वाट लावतायत असं सांगणारं एक पुस्तक तिकडे धडाधड खपत होतं.

अलीकडचं एकच उदाहरण देतो. १० जानेवारी २०२४ ला कॉरेक्टिव्ह या शोधपत्रकारांच्या गटानं बातमी फोडली, की पॉट्सडॅमजवळच्या हॉटेलात एएफडी या उजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाचे काही लोक आणि अतिउजवे एकत्र बसून लाखो स्थलांतरितांना बाहेर घालवायच्या योजनेवर बोलले. आठवड्यात, १७ तारखेला, ब्रेश्टच्याच बर्लिनर आन्सांबलमध्ये नट हातात कागद घेऊन ती बातमी वाचत होते आणि देशभर लाखो लोक रस्त्यावर उतरायला लागले होते. सात दिवसांत नाटक कुणी करू शकतं का? करू शकतं, जर नट पगारावर असतील, स्टेज मोकळं मिळत असेल आणि बुधवारचा प्रयोग बदलायचा निर्णय एका मीटिंगमध्ये होत असेल तर.

म्हणून मला आताची भानगड जास्त गंभीर वाटते. ६ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रातली आघाडी फुटली, २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत एएफडीला २०.८ टक्के मतं पडली, हे सगळं जमीन हलण्यात आलं. पण त्याच हिवाळ्यात बर्लिन राज्यानं २०२५ च्या सांस्कृतिक बजेटमधून १३ कोटी युरो कापले, कलावंत रस्त्यावर आले, संस्कृतिमंत्र्यांनी मे महिन्यात राजीनामा दिला, कपात मात्र गेली नाही. हे घर हलण्यात येतं.

असं एकदा आधी झालेलं आहे. १९९३ मध्ये पैसे नाहीत म्हणून बर्लिननं शिलर थिएटर बंद केलं, शहरातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी थिएटरांपैकी एक, नटसंच बरखास्त. इमारत अजून आहे. मध्ये काही वर्षं सरकारी ऑपेराची दुरुस्ती चालू होती तेव्हा ते लोक तिथं राहून गेले, आता २०२३ पासून कोमिशे ओपर नावाची दुसरी कंपनी तिची स्वतःची इमारत दुरुस्त होईपर्यंत तिथं आहे. रोज संध्याकाळी लाइट लागतात, लोक येतात, दारावर अजून शिलरचंच नाव.